विहिरीचे मार्क

अपेक्षा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. करते म्हणजे नेमकं काय करते, हे वाघोलीत कुणालाच धड सांगता आलं नसतं. झाडं लावत असेल, असा बहुतेकांचा समज. तिचे थोरले चुलते महिपतीआप्पा तर पाहुण्यांना "ती हवामानाचं बघती" असं सांगून मोकळे व्हायचे.

शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी तिने गावातल्या विहिरींचं पाणी तपासायला घेतलं. गावात आता विहिरींपेक्षा इमारती जास्त, तरी हिंडून हिंडून तिने वीस विहिरी शोधल्या. दोरीला बाटली बांधून ती कठड्यावर ओणवी झाली की माणसं जमायची आणि प्रत्येक मालक एकच विचारायचा, आमच्या विहिरीला किती मार्क पडतील? ही परीक्षा नव्हे, हे तिने आधी समजावून पाहिलं. मग कंटाळून "निकाल लागला की सांगते" म्हणू लागली. तिथेच चुकलं.

निकाल आला. आप्पांच्या विहिरीत नायट्रेट अठ्ठ्याहत्तर निघालं होतं. पंचेचाळीसच्या वरचं पाणी पिऊ नये, असा नियम. आप्पांना हे कसं सांगावं याचा विचार करत तिने घरी बाटलीबंद पाणी आणून ठेवलं आणि निकालाची वही टेबलावर टाकून आंघोळीला गेली. ती बाहेर येईपर्यंत आप्पांनी चष्मा लावून वही वाचली होती. आपल्याला अठ्ठ्याहत्तर आणि शेजारच्या रंगरावाला बारा! शाळेत दोघं एका वर्गात होते, आणि सातवीपर्यंत आप्पांना एकदाही रंगरावांपेक्षा जास्त मार्क पडले नव्हते. आप्पांनी चौकात पेढे वाटले.

संध्याकाळी रंगराव पडल्या चेहऱ्याने आले. हलक्या आवाजात त्यांनी अपेक्षाला विचारलं, की पेपर परत तपासता येतो का. आकडा कमी तेवढं पाणी चांगलं, हे तिने सांगितल्यावर ते हसू दाबत खुर्ची ओढून बसले.

"महिपतीला आजच सांगू नको," ते म्हणाले. "पेढ्यांचा अजून एक पुडा शिल्लक हाय त्याच्याकडं."

पण ते पाणी पिणारे फक्त घरचेच नव्हते. विहिरीमागे आप्पांनी आठ खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या, त्या सगळ्यांचा नळ याच विहिरीचा. रात्रीच्या जेवणाआधीच तिने आप्पांना गाठलं.

"आप्पा, ते मार्क नाहीत. ती पाण्यातली घाण आहे."

आप्पांनी घास खाली ठेवावा तसा हातातला रिमोट खाली ठेवला. "बापजाद्यांपासनं हेच पाणी पितोय आपण."

"बापजाद्यांनी विहिरीला खेटून संडासाची टाकी बांधली नव्हती."

टाकी तीन वर्षांपूर्वी आप्पांनीच बांधून घेतली होती. गवंड्याने लांब घ्या म्हटलं होतं, पण लांब घेतली असती तर आठवी खोली बसली नसती. उकळून पिऊ, असं ते म्हणाले. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, हे ऐकल्यावर ते उठले आणि न जेवता झोपले.

सकाळी ते झब्बा घालून तयार. हातात विहिरीच्या पाण्याने भरलेली कोल्ड्रिंकची बाटली. समोर तपासल्याशिवाय ते मानणार नव्हते. दोन बस बदलून दोघं विद्यापीठात पोचली. अपेक्षाच्या मार्गदर्शक पूर्णिमा मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"यात आधी काय होतं?"

"कोल्ड्रिंक. धुतलीय चांगली."

"मग निकाल जरा गोड येईल," मॅडम म्हणाल्या आणि अपेक्षाने स्वच्छ बाटलीत आणलेलं पाणी तपासायला घेतलं. आप्पांना त्यांनी यंत्राशेजारीच खुर्ची दिली. आकडा आला एक्क्याऐंशी. आप्पांनी तो दोनदा वाचला. मग अतिशय अदबीने त्यांनी विचारलं, की हे जास्त कुणाला बाधतं.

"वरच्या दुधावरच्या बाळांना. दूध या पाण्यात कालवलं तर रक्त प्राणवायू पोचवेनासं होतं. बाळ निळं पडतं. आपल्याकडे आहे का कुणी?"

"नाही," अपेक्षा म्हणाली. खोल्यांमध्ये एकच बाळ होतं, यवतमाळहून आलेल्या मैनाचं, आणि ते आईच्या अंगावर पीत होतं. हे तिने सर्वेक्षणाच्या वेळी विचारून लिहून घेतलं होतं.

आप्पा उभे राहिले. मैना आठवड्यापासून कामावर जात होती. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा तिला कुठला घ्यावा कळेना, तेव्हा दुकानातून आप्पांनीच आणून दिला होता.

अपेक्षाने तिथूनच मैनाला फोन केला. तो लागला नाही. परतीच्या बसमध्ये आप्पा अख्खा रस्ता दाराशी उभे राहिले, जागा असूनही. वाघोलीला उतरल्यावर ते घरी न जाता थेट मैनाच्या खोलीवर गेले. मैना दुपारच्या पाळीला निघण्याच्या घाईत होती. तिच्या हातून बाळ घेऊन ते अंगणात उन्हात आले आणि एकेक नख निरखू लागले. मैना घाबरून बघत राहिली. वीसच्या वीस नखं गुलाबी होती.

"दूध कशात कालवती गं?"

कंपनीतल्या फिल्टरचं पाणी ती रोज बाटलीतून आणत होती. इथलं पाणी तिला पहिल्या दिवसापासूनच आवडलं नव्हतं, पण मालकांना कसं सांगायचं?

आप्पा बाळाला घेऊन पायरीवर बसले. डोळे पुसताना त्यांना कुणी पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं. अपेक्षाने लगेच मोबाइल काढून त्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं. वहीत एकदा लिहिलं म्हणजे माणसं तशीच राहतात, असं आपण धरून चाललो, हे तिला बराच वेळ टोचत राहिलं.

आठही खोल्यांची दारं आप्पांनी स्वतः वाजवली आणि नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. टाकी फोडायला दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विहीर स्वच्छ होईपर्यंत प्यायला पाणी हवं होतं, आणि चांगलं पाणी रंगरावांकडे होतं. रंगरावांनी नाही म्हटलं नाही. एकच अट घातली, पहिली घागर महिपतीने स्वतः येऊन न्यावी.

आप्पा गेले. बरोबर उरलेले पेढेही नेले.