पहिल्या नंबरात पास

माईक हातात आला की आमच्या रत्नदीपला चेवच चढतो. पौर्णिमेची वंदना संपली, आता खीर वाटायची, तेवढ्यात हा माझा नवरा अख्ख्या विहारासमोर उभा राहिला. "आमच्या मातोश्री भीमाबाई यांच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आलाय. एक ते सहा नंबर असतात. सहा म्हणजे कॅन्सर. आईचा नंबर आलाय, एक! आई पहिल्या नंबरात पास!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे खिरीचं पातेलं धरून बसलेले. मला काय माहीत, रिपोर्ट लॅबमधून परस्पर विहारात आला होता ते!

घरी येऊन मी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. एक नंबरच्या पुढे सरळ लिहिलेलं, सुईतून पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, निदान करता येत नाही, तपासणी पुन्हा करावी.

"अरे, खाली यादीत बघ, चांगल्या गाठीचा नंबर दोन असतो! एक म्हणजे काही कळलंच नाही!"

"असं कुठं असतं का, प्रियांका? नंबर चढत जातात ना? मग एक सगळ्यात कमी."

घ्या आता. आणि खरं सांगू, मला त्या नंबर ठरवणाऱ्यांचाही राग आला. कल्याणचा रिपोर्ट ठाण्याच्या डॉक्टरला एका आकड्यात कळावा म्हणून ही सोय, मान्य. पण 'काहीच कळलं नाही' याला पहिला नंबर कोण देतं? शून्य द्यायचा होता! डॉक्टरांचं ठीक आहे हो, माझ्या नवऱ्याचं काय?

त्याला दुसऱ्या दिवशी लॅबला फोन केल्यावर पटलं तरी. पण आई? पालथ्या घड्यावर पाणी. "चार लोकांत सांगून झालंय. आता परत सुई टोचायला गेले तर काय म्हणतील?" गाठ बघू द्या म्हटलं की गळ्याभोवती पदर घट्ट ओढून घ्यायच्या. रत्नदीपला म्हटलं, तू पसरवलंस ना, मग तूच निस्तर, सांग सगळ्यांना. तर म्हणे, "सांगतो गं, योग्य वेळ बघून." याची योग्य वेळ अख्खा हिवाळा आली नाही.

शेजारची रुपाली तर एकदा जिन्यातच म्हणाली, "सासूचा पहिला नंबर आला तरी तू का गं मागे लागलीस? काहीतरी निघावंच असं वाटतंय का तुला?" असं डोकं फिरलं माझं! आईंनी ते ऐकलं होतं. ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं, ते मला जास्त लागलं.

मग एके दिवशी जेवताना त्यांना घास गिळायला त्रास झाला. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाकरी कडक झालीये." कडक? मऊसूत भाकरी होती! मी ताट सरकवलं आणि ओरडलेच, "लोकांसाठी पास व्हायचंय की जगायचंय, एकदाच काय ते सांगा!" रत्नदीप खाली मान घालून जेवत राहिला. आई उठून आत गेल्या.

सकाळी मी कामाला निघाले, तर त्या चांगली साडी नेसून दारात उभ्या. "चल, कुठं न्यायचं तिथं ने."

ठाण्याला बाळकुमच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीत बघून पुन्हा सुई घातली. काचेवर पेशी नीट आल्यात का ते तिथल्या तिथे तपासलं, मगच आम्हाला सोडलं. एवढंच तर करायचं होतं हो, एवढ्यासाठी सगळा हिवाळा घालवला आम्ही!

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आई बाहेर बाकड्यावर बसल्या, आम्ही दोघं आत. डॉक्टरांनी आधी आकडा सांगितला, मग म्हणाल्या की या प्रकारात ऑपरेशनने बहुतेक माणसं बरी होतात, पण आता उशीर नको. रत्नदीपने कागद हातात घेतला आणि तो तिथेच रडायला लागला. मी त्याच्या हातून कागद घेऊन बाहेर आले.

आईंनी आधी माझ्या मागे दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तो नको. तूच सांग. तू खरं सांगतेस."

रुपालीचं ते बोलणं आठवलं. अख्खा हिवाळा मी खरं-खरं म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आता फक्त 'दोन' म्हटलं असतं तर त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"सहा," मी म्हणाले. आयुष्यात इतकं खोटं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं.