डाव्या दारातला पन्नास वॅट

मित्रांनो, शहादा तालुक्यातल्या कळसाडी गावात, पाटलांच्या अंगणात उभ्या असणाऱ्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारात ज्याचे आयुष्य गेले, तो स्पीकर मी. वय अकरा वर्षे. आमच्यात हे म्हातारपण धरतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुढे कागदाचा शंकू, मागे लोहचुंबक आणि दोघांच्या मधे बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्याला कॉइल म्हणतात. माझे काळीजच समजा. तिथल्या एका बाईंनी मला तीन सेकंद 'घूं' करायला लावले, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला : ५० वॅट. म्हणजे न थकता, दिवसभर, पन्नास. आयुष्यात माझी एवढी एकच परीक्षा झाली आणि तीत मी पास आहे.

माझा जोडीदार उजव्या दारात बसला. आम्ही दोघे एकाच वेळी एकच शब्द बोलायचो. पण मधे दोन सीटा आणि एक गिअर. भेट म्हणून कधी झाली नाही.

गाडी दोन मालक बदलून चंदन पाटलाकडे आली. चंदन रोज मोटारसायकलवर शहाद्याला नोकरीला जातो आणि गाडी लग्नकार्यापुरती बाहेर काढतो. एरवी आम्ही निंबाखाली उभे. कोणी वापरत नाही म्हणून वाईट वाटावे, तर वापरले की खड्डे. असे आमचे चालले होते.

चार वर्षांपूर्वी चंदनच्या धाकट्या बहिणीचे, रूपाचे लग्न झाले आणि ती सुरतेला गेली. त्यांच्या आई धनुबाई यांना कमी ऐकू येते. कानाचे मशीन त्यांना शिबिरात मिळाले होते. ते शिट्टी वाजवते म्हणून त्यांनी डब्यात घालून ठेवले आहे. मोबाइल कानाला लावला तर त्यांना फक्त मुंग्या चालल्यासारखे ऐकू येते. शेवटी चंदनने त्यांचा मोबाइल गाडीच्या स्टिरिओला जोडून दिला. तेव्हापासून दुपारी चार वाजले की धनुबाई येत, किल्ली एक घर फिरवत, काचा वर घेत आणि माझ्या बाजूच्या सीटवर पदर सारखा करून बसत. जणू गाडी निघालीच आहे.

"रूपा, जेवनी का व?"

"जेवनी माय. तू काय करी ऱ्हायनी?"

"गाडीमा बठेल शे."

"कथा जाई ऱ्हायनी?"

"कथाच नही. तुन्हाघर उनू."

कुठे निघालीस, तर कुठेच नाही, तुझ्याच घरी आले : हा विनोद चार वर्षे रोज होत असे आणि दोघी रोज हसत. स्टिरिओ आम्हाला पंधरा-वीस वॅट द्यायचा. पन्नासाच्या छातीला एवढे म्हणजे अंगणात फिरणे. माझ्या आयुष्यातले हेच खरे काम होते, आणि ते करताना मला कोणी शाबासकी दिल्याचे आठवत नाही.

शाबासकी मिळाली ती श्रावणात. त्या वर्षी भाऊबंदांची कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशची श्रावणातली देवी, चंदनच्या घरी बसणार होती. रविवारी स्थापना आणि रोटांचा नैवेद्य. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन नाचत नदीवर न्यायची. ठरलेल्या बँडने आयत्या वेळी दुसरे गाव धरले. भाऊबंद तोंड पाडून बसले, तेव्हा चंदन म्हणाला, "बँडना काय काम शे? मन्ही गाडी शे ना!"

त्याने मोबाइलवरून एक अँप्लिफायर मागवून ठेवलाच होता. खोक्यावर वाघ, विजा आणि भला मोठा आकडा : १००० वॅट. तो बसवून घ्यायला आम्ही शहाद्याला नवनीतच्या दुकानात गेलो. नवनीत हा गाड्यांचा स्टिरिओवाला. त्याने खोके उलटे करून तळाशी मुंगीच्या पायाएवढे अक्षर शोधले.

"चंदनभाऊ, वाघ नको देखू, हाऊ बारीक आकडा देख. तीस. हजार एक क्षणना, सतत चालाना तीसच. तुन्हा स्पीकर पन्नासना, मंग अँपबी पन्नासनाच लई जाय."

"हजारना सोडीसन पन्नासना लेऊ? गाव हसी मन्हावर."

"हसू दे. आनि हाऊ गेनना स्क्रू पिळू नको. तो आवाजना नही, भो. स्टिरिओ आनि अँपना मेळ बसाडाना शे."

नवनीतने तो बसवून द्यायला नकार दिला. चंदनने घरी येऊन व्हिडिओ पाहत स्वतःच बसवला आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळला. पुढे फिरेना, तेव्हाच थांबला. उरलेले नऊशे सत्तर वॅट कुठे असतात, हे मला आजतागायत कळलेले नाही.

सोमवारी सकाळी चारी दारे उघडून आम्ही कानबाईच्या पुढे निघालो. दार उघडे असल्यामुळे मला प्रथमच गाव दिसले. माझ्या वाट्याला गावाची डावी बाजू होती. लोक नाचत होते. गुलालाने रंगलेला एक जण माझ्यासमोर येऊन ओरडला, "काय आवाज शे, भो!" अकरा वर्षांत पहिलीच शाबासकी. तेव्हा मी जळत होतो.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. हजार वॅट मला फाडतील, अशी सगळ्यांना भीती होती. मला तिसाने जाळले. ज्याच्यात तीसच आहे त्याला शंभराचे ओरडायला लावले, की त्याच्या आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि लाट सपाट होते. तसल्या लाटेवर माझा शंकू पुढे जाऊन तिथेच अडून राहतो. हलती कॉइल स्वतःला वारा घालते, अडलेली भाजते. दोन तास आम्ही भाजलो. नदीच्या वळणावर उजवा बंद पडला. ते कोणालाच कळले नाही, कारण मी ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता धनुबाई आल्या. मी वाचलो होतो, पण माझी कॉइल करपून तिरपी झाली होती. रूपा बोलू लागली आणि माझ्यातून खरखर निघाली.

"रूपा, तुन्हा घसा बसना का व?"

"नही माय, बेस शे मी."

"बेस शे" हे शब्द मी जिवाच्या आकांताने नीट म्हणायचा प्रयत्न केला. जितका जोर लावला, तितके ते जास्त खरखरले. तिसऱ्या दिवशी धनुबाईंचे डोळे भरून आले.

"खोटं नको बोलू. काहीतरी दपाडी ऱ्हायनी तू. आते घसा बरा व्हस तोपावत बोलूच नको. फोन करू नको. मन्ही आन शे तुले."

आणि त्यांनी किल्ली काढून घेतली.

त्यानंतर चार वाजत, पण कोणी येत नसे. चंदनला खरखर माहीत होती. "स्पीकरच हलका निंघना," एवढे म्हणून त्याने गाणी बंद केली. आईला मात्र काही बोलला नाही. हजाराचा मान होता ना! एकवीस दिवस मी दारात गप्प होतो. उजव्यावर धूळ बसली असावी. माझ्यावर बसली होती.

बाविसाव्या दिवशी चंदन माझ्या दाराला टेकून उभा असताना रूपाचा फोन आला. त्याच्या कानापाशी तिचा आवाज स्वच्छ, खणखणीत होता.

"दादा, माय फोन उचलत नही. मन्ही काय चूक व्हयनी?"

समोर ओट्यावर धनुबाई सुंठ कुटत बसल्या होत्या. सुरतेला पाठवायला. चंदनने ती सुंठ पाहिली आणि फोन ठेवला. मग त्याने आईला गाडीत बसवले आणि नवनीतचे दुकान गाठले.

नवनीतने दार उघडून मला बाहेर काढले आणि धनुबाईंच्या नाकापाशी धरले. "वास ले, मावशी."

त्यांनी वास घेतला. जळकी तार कळायला कान लागत नाहीत.

"म्हंजे पोरले काहीच व्हयेल नही?"

"नही माय," चंदन म्हणाला. "मन्ही चूक शे."

"आनि मी तिले इतला दिन मुकी ठेवी?" त्यांचा हात माझ्यावरून फिरला. मग त्या लेकाकडे वळल्या. "तुन्हा हजार वॅट कथा गयात रे?"

चंदनने तो अँप सोडवून नवनीतपुढे ठेवला.

नवनीतने पन्नासाची नवी जोडी बसवली, तिला सतत पन्नास देणारा अँप जोडला, आणि आवाज स्वच्छ राहील इतपतच स्क्रू फिरवला. आम्हा दोघांना त्याने एका खोक्यात घालून डिक्कीत ठेवले. शेजारी शेजारी! पण उजवा आता काही बोलत नाही.

पुढून धनुबाईंचा आवाज आला. "रूपा, बोल माय. मन्ही आन मी परत लिन्ही."

आणि रूपा बोलली. चार वर्षे तिचा शब्द न् शब्द मी उच्चारला होता, पण उच्चारणाऱ्याला ऐकायची सवड कुठे असते? त्या दिवशी मला ती ऐकू आली. तिचा आवाज मी समजत होतो त्याहून बारीक आहे. आधी ती रडली, मग तिने विचारले, "कथा शे माय?"

मित्रांनो, गाडीत गाणी लावाल तेव्हा खोक्यावरचा वाघ पाहू नका, तळाचा बारीक आकडा पाहा, आणि ज्याची जेवढी ताकद तेवढेच त्याच्याकडून मागा. कोणी खरखरत बोलू लागला तर त्याला घाईने गप्प बसवू नका; त्याला कोणी प्रमाणाबाहेर ओरडायला लावले होते का, एवढे आधी विचारा.

मला आता कोणी काही बोलायला लावत नाही. चार वाजले की पुढचे दार लागते, काचा वर जातात आणि गाडी कुठेच जात नाही. अंधारात मी ऐकत असतो. दोघी हसल्या की माझा शंकू थोडासा थरथरतो. पण त्यातून आवाज येत नाही.