वाडीत गेला की आऊट

मुसअबने फायनल जिंकून दिली. एकाच चेंडूवर, दोन वेळा. असा पराक्रम गावात आजवर कुणी केला नव्हता.

हे घडलंच नाही. कमिटीने तसं एकमताने ठरवलंय आणि ठरावाखाली सगळ्यांच्या सह्या आहेत, तेव्हा आपणही इथून पुढे असं काही घडलं नाही असंच धरून चालू. फायनल होती, एवढं कमिटीला मान्य आहे. मुसअब डावरा आहे हेही मान्य आहे, पण नाइलाजाने.

गाव दिवेआगरच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, होमस्टेवाल्यांचं बुकिंग पडतं. ग्राउंड किनाऱ्यालगत, उत्तर-दक्षिण लांबट. पश्चिमेला पुळण आणि समुद्र. पूर्वेला दत्तात्रेयकाकांची सुपारीची वाडी. दक्षिणेला मासे खारवायच्या जुन्या शेडची एक भिंत उरलीय, तीच विकेटकीपर. तिच्या हातून आजवर एकही चेंडू सुटलेला नाही. म्हणून बॅटिंग कायम भिंतीपाशी आणि बॉलिंग कायम उत्तरेकडून. उत्तरेला प्रणयचा होमस्टे. त्याच्या जेवणघराला ग्राउंडच्या बाजूने आख्खी काच, पुण्याच्या पाहुण्यांना बोंबील खाताना समुद्र दिसावा म्हणून. प्रणय हाच कमिटीचा अध्यक्ष, हाच कॉमेंटेटर, आणि वाद झाला की हाच थर्ड अंपायर.

आता भिंतीला पाठ देऊन बॅट धरा. उजव्याने जोरात फिरवली की चेंडू जातो समुद्राकडे. पाण्यात पडला की सिक्स. ओहोटी असेल तर पाणी जिथे असायला हवं होतं तिथे पडला तरी सिक्स. इतका दिलदार नियम दुसरीकडे सापडायचा नाही. डाव्याने तशीच फिरवली की चेंडू जातो वाडीत, आणि वाडीत गेला की आऊट. फटका तोच, ताकद तीच. एकाच्या नावावर सहा रन, दुसऱ्याच्या नावावर शिव्या.

नियम धर्माजींचा. धर्माजी म्हणजे दत्तात्रेयकाकांचे वडील. त्यांनी खळ्यात सुपारी वाळत घातली होती, तिच्यात एक चेंडू येऊन पडला आणि धर्माजी कोयता घेऊन ग्राउंडवर आले. त्या संध्याकाळी नियम झाला. त्या वेळी तो शहाणपणाचाच होता, कारण कोयत्याला धार होती. पुढे धर्माजी वारले. दोन हजार वीसच्या चक्रीवादळात वाडी आडवी झाली. वादळाने शाळेचे पत्रे नेले, विजेचे खांब वाकवले, पण नियमाच्या केसाला धक्का लावला नाही. काकांनी नवी रोपं लावली ती पार मागल्या अंगाला, विहिरीजवळ. ग्राउंडच्या बाजूला आता नुसतं गवत आहे, आणि गवतात काकांची म्हैस.

मुसअब सगळ्याच बाबतीत डावरा असता तरी एक वेळ बरं होतं. तो लिहायचा डाव्याने, स्क्रू पिळायचा डाव्याने, दगड मारायचा डाव्याने. जेवायचा मात्र उजव्याने. ते त्याच्या अम्मीने, रहिमुन्निसाने, लहानपणीच हातावर पळी मारून बसवलं होतं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. "ते अल्लाचं सांगणं हाय, ते ऐकलं," तो म्हणायचा. "प्रणयचं कशाला ऐकू?"

बाकी जगही प्रणयचंच होतं. बँकेत पेन उजव्या बाजूला सुतळीने बांधलेलं असायचं. सुतळी डाव्या हाताला पुरायची नाही, म्हणून हा काउंटरवर आडवा होऊन सही करायचा आणि आतला माणूस नोटांवर हात ठेवायचा. अम्मीच्या कात्रीने कापड कापायला घेतलं की कापड नुसतं दुमडायचं. सरकारी कागदावर पुरुषाचा डावा अंगठा चालतो, डाव्या हाताला देशात एवढी एकच मानाची जागा, आणि तिथे बसायला अडाणी असावं लागतं. मुसअब आयटीआय झालेला. एसी दुरुस्त करायचा. ती जागाही गेली.

तर ग्राउंडवर तो लहानपणापासून उजव्याने खेळायचा. उजव्याने खेळायचा म्हणजे नव्या सासुरवाडीत दुसऱ्यांदा भात मागावा तसा खेळायचा. बॅट पुढे जायची, पण मनापासून नाही. मग एकदा मुरुडच्या एका संघाने त्याला पाहुणा खेळाडू म्हणून नेलं. तिथलं ग्राउंड चारी बाजूंनी मोकळं. तो डाव्याने उभा राहिला आणि चेंडू माडांच्या शेंड्यांवरून पलीकडे गेले, एकामागून एक. बातमी एसटीने गावात आली. मुसअबच्या आधी.

"तिकडे मारतोस तर तिकडेच खेळ ना," प्रणय म्हणाला. "आपलं ग्राउंड उजवं आहे."

"ग्राउंड उजवं न्हाय. तुम्ही केलंय."

"बरं, मग काय करू म्हणतोस?"

"उत्तरेला एक भिंत घाल. चिरे मी आणतो, बांधतो पण मीच. मग बॅटिंग दोन्हीकडून होईल."

"माझ्या काचेसमोर? पाहुणे काय चिरे बघायला येतात?"

"मग जाळी लाव."

"जाळीतून समुद्र चौकोनी दिसतो रे."

"मग वाडीचा नियम काढ."

"तो वाडीवाल्यांचा मान आहे. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी बघू हे मुसअबने दरवर्षी ऐकलं होतं. दरवर्षी तो मान खाली घालून घरी यायचा आणि मोटारसायकल धुवायचा. गावात एवढी स्वच्छ मोटारसायकल दुसरी नव्हती. लोक म्हणायचे, पोरगा किती टापटीप. तो राग होता.

यंदा मात्र पुढलं वर्ष संपलं होतं. मस्कतला एसीच्या कंपनीत काम लागलं होतं आणि गुरुवारचं विमान होतं. फायनल रविवारी. स्वतःच्या ग्राउंडवर स्वतःच्या हाताने एक चेंडू मारायचा आणि तो मोजला जायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. कप बिप काही नको होता. कप तसाही प्रणयच्या होमस्टेत पाण्याच्या फिल्टरवर असतो.

फायनल शेजारच्या गावाशी. शेवटचा चेंडू, चार रन हवेत, समोर मुसअब. कॅप्टन विनेश पळत आला.

"भावा, उजव्याने. नुसती लाव. कड लागली तरी समुद्र हाय."

"विनेश, जुमेरातीला चाललो मी."

"म्हणून तर सांगतो. जिंकून जा."

"उजव्याने जिंकला तर तो मी न्हाय. दुसराच कोण तरी जिंकला."

"कोण का जिंकेना, आमच्याकडनं जिंकला म्हणजे झालं," विनेश म्हणाला. माणूस वाईट नव्हता. उजवा होता.

मुसअब वळला आणि डाव्याने उभा राहिला. मांडवातला माइक खरखरला. "बॅट्समन चुकून उलटे उभे राहिलेले आहेत. बॅट्समनने कृपया सुलटं उभं राहावं." लोक हसले. मुसअबने बॅट दोनदा जमिनीवर आपटली आणि बॉलरकडे बघितलं.

बॉलर धावत आला. चेंडू टप्पा पडून छातीपर्यंत उठला आणि मुसअबने तो असा मारला, की इतक्या वर्षांच्या सगळ्या धुतलेल्या मोटारसायकली त्यात होत्या. चेंडू गवतावरून गेला, म्हशीवरून गेला, विहिरीच्या अलीकडे गवतात पडला.

"वाडी," माइक म्हणाला. "आऊट."

शेजारगावची पोरं नाचायला लागली. मुसअब हलला नाही. विनेशने दंड धरून ओढलं, तरी नाही. अंपायर म्हणाला, चल बाबा. हा जमिनीत पुरलेल्या खुंटासारखा उभा. तोंडातून शब्द फुटत नव्हता, कारण जो पहिला फुटला असता तो अम्मीपर्यंत पोचला असता.

तेवढ्यात वाडीच्या कुंपणातून दत्तात्रेयकाका बाहेर आले. एका हातात विळा, दुसऱ्या हातात चेंडू.

"कुणी मारला हा?"

"काका, तुमच्या वाडीत आला ना, म्हणून आऊट दिलाय त्याला," प्रणय माइकवरूनच म्हणाला. साऱ्या किनाऱ्याला ऐकू गेलं.

"कुणी सांगितलं द्यायला?"

"नियम आहे. तुमच्या बाबांचा."

"बाबा गेले. सुपारी गेली. आता तिथं म्हैस हाय, तिची काय हरकत न्हाय." काका पिचवर येऊन पोचले. "मी तिथं गवत कापतोय आणि इथं माझ्या नावाने पोरांना आऊट देताय. मला एकदा तरी विचारलंत काय रे? मला वाटायचं, तुमच्यात डावा खेळणाराच कोण न्हाय."

म्हणजे आऊट नाही. आऊट नाही म्हणजे सिक्स. शेजारगावच्या कॅप्टनने मधे पडून सांगितलं, की चेंडू हवेत असताना नियम बदलायची पद्धत त्यांच्याकडे नाही. त्याचंही बरोबर होतं. कमिटी मांडवामागे गेली आणि चहा पिऊन परत आली.

"कमिटीने असं ठरवलेलं आहे," प्रणय म्हणाला, "की शेवटचा चेंडू अजून टाकला गेलेलाच नाही."

मुसअबला आता शब्द सापडला. "मग काकांच्या हातात काय हाय?"

"ते काकांचं खाजगी आहे. चेंडू परत टाकला जाईल. आणि वाद नको म्हणून बॅट्समन उजव्याने खेळेल."

मुसअबने दक्षिणेचे तिन्ही स्टंप उपटले. काखेत मारले, ग्राउंड ओलांडून उत्तरेला गेला आणि प्रणयच्या काचेसमोर, बरोबर मध्यावर, ठोकले. काचेमागे पाहुणे जेवत होते. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि डाव्याने उभा राहिला. इकडून डाव्याला समुद्र होता.

"टाक," तो बॉलरला म्हणाला.

"माझी काच," प्रणय म्हणाला. या वेळी माइकशिवाय.

बॉलरला शेवटची एसटी पकडायची होती. भिंतीकडून असो की भिंतीकडे, त्याला काही फरक नव्हता. तो धावत आला आणि त्याने टाकला. चेंडू सोपा, लेगस्टंपच्या बाहेर, समुद्राकडे भिरकावून द्यावा असा. मुसअबने बॅट वर उचलली, आणि चेंडू सोडून दिला.

चेंडू सोडणं हा क्रिकेटमध्ये गुन्हा नाही. इकडे अडवायला भिंत नव्हती. चेंडू एक टप्पा पडून काचेवर गेला. धप्प.

काच फुटली नाही. तडा नाही, साधा ओरखडा नाही. टेनिसचा चेंडू तो. आतल्या एका पाहुण्याने मान वर करून बघितलं आणि परत काटा काढायला लागला.

मुसअब काचेजवळ गेला. चेंडू लागला तिथे गोल, फिकट धुळीचा डाग होता. त्याने तो डाव्या अंगठ्याने पुसला. खाली काच नवी कोरी. मग त्याने बोटांनी टकटक केलं, एकदा, दोनदा, मग मुठीने. आतून पाहुण्याने खूण केली, सोलकढी नको.

"हिच्यासाठी?" मुसअब वळून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर प्रणयला बरं वाटलं असतं. "लहानपणापासून हिच्यासाठी मला उजवा केलास? हिला काय झालं, सांग."

"आज नाही झालं," प्रणय म्हणाला.

तिकडे अंपायरने आधी एक हात वर करून, मग तो आडवा हलवून चौकार दिला होता. बाइजचे चार, म्हणजे बॅटला न लागता मिळालेले. भिंतीमुळे गावात बाइज कुणी कधी पाहिलेच नव्हते, म्हाताऱ्यांनी पोरांना विचारलं हे काय. चार हवे होते, चार झाले. विनेश ओरडत धावत सुटला. कमिटी परत मांडवामागे गेली. चहा संपला होता, त्यामुळे निर्णय लवकर झाला: हाही चेंडू टाकला गेलेला नाही. सामना अनिर्णित. उरलेला एक चेंडू पुढल्या वर्षी, याच खेळाडूंमध्ये, भिंतीच्या बाजूने. गैरहजर राहील तो आऊट.

घरी अम्मी बॅग भरत होती.

"दोनदा जिंकलास म्हणे."

"न्हाय जिंकलो. कमिटीला विचार."

"मग जेवून घे." तिने ताट वाढलं. मुसअब उजव्या हाताने जेवला. डावी मूठ मांडीवर होती आणि उघडत नव्हती. अम्मीने त्या मुठीकडे बघितलं.

"तोंडी बोललेलं त्यांना घडल्यासारखं वाटत न्हाय," ती म्हणाली. "पंचायतीत लिहून दे. डाव्याने लिही."

बुधवारी सकाळी मुसअबने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. कारकुनाने वाचला, मुसअबकडे बघितलं, परत वाचला आणि उजव्या हाताने शिक्का मारला.

प्रति,
मा. सरपंच साहेब

विषय: अरबी समुद्र ग्राउंडच्या पूर्वेस हलवण्याबाबत.

महोदय,

मी, मुसअब बदरुद्दीन उंड्रे, राहणार येथीलच, अर्ज करतो की, ग्राउंडच्या उत्तरेस भिंत घालणे शक्य नाही, जाळी लावणे शक्य नाही व वाडीचा नियम बदलणे शक्य नाही, असे क्रीडा कमिटीने मला वेळोवेळी कळवलेले आहे. त्यामुळे आता जे उरले तेवढेच मागत आहे. समुद्र सध्या पश्चिमेस असून त्याचा लाभ फक्त उजव्या हाताने खेळणाऱ्यांस होतो. तरी सदर समुद्र एक वर्षाआड पूर्वेस हलवण्यात यावा. हलवण्यापूर्वी दत्तात्रेयकाकांची म्हैस सोडून घ्यावी. भरती-ओहोटीच्या वेळा आहेत त्याच ठेवाव्यात, म्हणजे मासेमारीस अडचण येणार नाही. मी सुट्टीवर येईपर्यंत काम पूर्ण करून, पाणी नीट भरले आहे याची खात्री करून, मला मस्कतच्या पत्त्यावर लेखी कळवावे, ही विनंती.