झोपतानाची गोळी

गेल्या तिन्ही तपासण्यांत मास्तरांच्या डोळ्यातला दाब हवा तेवढाच होता, औषधाचे थेंब एकदाही चुकले नव्हते. आणि तरीही काचबिंदू त्यांच्या उरल्यासुरल्या नजरेचा काठ कुरतडत पुढे सरकतच होता. उजवा डोळा केव्हाच गेला होता. डावाही गेला, तर आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवलेल्या या गृहस्थांना घरचा जिनाही दुसऱ्याचा हात धरून उतरावा लागणार होता.

"हे गणित जुळत नाही," नजरेच्या तपासणीच्या आलेखावरचा काळा डाग न्याहाळत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, रक्तदाबाची गोळी घेता का?"

"मी? नाव काढू नका! धडधाकट माणसाला लावलेलं खूळ आहे ते. हिला विचारा, वर्षभर वाद चाललाय आमचा."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने मान खाली घातली. फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या गोळीची पूड ती रोज झोपण्यापूर्वी त्यांच्या दुधात मिसळत होती, आणि मास्तर साखर कमी पडल्याची कुरकुर करीत ते दूध पीत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब दोनदा मोजला. "इतका कमी? उठल्यावर चक्कर येते?"

"भिंत जरा हलते. वय झालं तिचं."

"थट्टा नको, काका. डोळ्याच्या नसेला रक्त पोचतं ते रक्तदाबाच्या जोरावर. डोळ्यातला दाब त्याला अडवतो. तो आपण थेंबांनी उतरवला. पण झोपेत रक्तदाब मुळातच खाली येतो, आणि फारच खाली गेला तर ती नस रात्रभर उपाशी राहते. गोळी नाही, तर मग हा उतरतो कशानं? आता हृदयापासून सगळं तपासावं लागेल."

म्हणजे शोध भलतीकडेच चालणार, आणि तोवर डोळा थांबणार नाही.

"मी देते," ती म्हणाली. "दुधातून. रोज झोपताना."

मास्तरांनी सबंध मान वळवून तिचा चेहरा शोधला. आता आकाशपाताळ एक होणार, म्हणून ती अंग चोरून बसली. पण ते चष्मा पुसत राहिले.

"मीही घेतो," अखेरीस ते पुटपुटले. "झोपतानाच. जुनी चिठ्ठी दाखवून आणली दुकानातून."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. "आपल्या मनानं काहीही बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलते. किती घ्यायची आणि केव्हा, ते आम्ही ठरवू."

पलीकडे फोन वाजत राहिला.

"गेलंय ते परत दिसेल?" पत्नीने विचारले.

"नाही, काकू. राहिलंय ते राखायचं."

मास्तरांनी तिच्या हाताकडे हात नेला. तो वीतभर अलीकडेच खुर्चीच्या दांड्यावर टेकला, आणि तिथेच राहिला. तो तिथे मुद्दाम ठेवला होता की तिचा हात त्यांना दिसलाच नव्हता, हे तिला कळेना. आणि विचारण्याचा धीर होईना.