लाडू पाठवू नकोस

विलास गद्रे आणि दीनानाथ यांचं राजकारणावरून कधीच पटलं नव्हतं. दोघेही निवृत्त इंजिनिअर, एकाच कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले, जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणारे. विलास विरोधी पक्षाचे जुने सदस्य, दीनानाथ सत्ताधारी पक्षाचे. दर शनिवारी दीनानाथ चहाला येत आणि कपबशा विसळून होईपर्यंत वाद चाले.

२०१२च्या जानेवारीत हा वाद बदलला. विषय अफगाणिस्तानातल्या जर्मन सैन्याचा होता आणि विलास व प्रभा यांची मुलगी ऊर्मिला त्या सैन्यात डॉक्टर होती. शरद ऋतूत ती कुंदुझपलीकडच्या एका छोट्या छावणीत गेली. नाताळापूर्वी परत यायची होती, ती आली नाही. तिची जागा घेणारा डॉक्टरच तिकडे गेला नव्हता. विलास यांच्या मते याचं कारण सरळ होतं: किती सैनिक ठेवायचे आणि किती परत आणायचे, हे महिनाअखेरीस बुंडेसटाग, म्हणजे जर्मन संसद, ठरवणार होती आणि तोवर सगळं अडून बसलं होतं. सरकारच्या मसुद्यात सैन्य कमी करायचं म्हटलं होतं, पण परिस्थितीने परवानगी दिली तर.

"परिस्थिती!" विलास म्हणाले. "ही कोण बाई? तिला फोन लावून विचारायचं का, परवानगी देतेस का म्हणून?"

"अरे, तारीख जाहीर केलीस की समोरचा घड्याळ लावून बसतो," दीनानाथ म्हणाले.

"आणि नाही केली तर प्रभा बसते. तिचं काय?"

"अहो, तुमच्या भाषणात माझं नाव नको," प्रभा ओट्याजवळून म्हणाली. ती तिळाचे लाडू वळत होती. अर्धे डब्यात गेले होते, डबा पार्सलच्या खोक्यात जायचा होता. सैनिकांचं टपाल डार्मश्टाटमध्ये गोळा होऊन पुढे जातं, त्यामुळे खोक्यावर ऊर्मिलाच्या नावाखाली गाव डार्मश्टाटच लिहायचं.

दीनानाथांनी पत्ता वाचला. "डार्मश्टाटहून डार्मश्टाटला! वहिनी, मी सायकलवरून नेऊन देतो."

"द्या की. येताना तिला मागे बसवून आणा."

दीनानाथांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

रविवारी ऊर्मिलाचा फोन आला. विलास यांनी तिला आपला ठराव वाचून दाखवला. तो पक्षाच्या स्थानिक शाखेपुढे मांडून मतदारसंघाच्या खासदाराकडे पाठवायचा होता. त्यात दोन मागण्या होत्या. सैन्य परत आणण्याची तारीख कायद्यात लिहा. आणि या मोहिमेला यापुढे पैसा देऊ नका.

"हे बघा, बाबा," ऊर्मिला म्हणाली, "परत यायला विमान लागतं. ट्रक लागतात. पैसे बंद केलेत तर सगळ्यात आधी माझं हेलिकॉप्टर जमिनीवर राहील. जखमी माणसाला काय सांगू, बाबांचा ठराव आहे?"

"मग युद्धाला पैसे देत राहायचं?"

"मी तसं म्हटलं नाही. आईला द्या."

प्रभाने फोन घेतला.

"आई, आता लाडू पाठवू नकोस."

"का गं? कडक झाले होते का मागचे?"

"छान होते. पण नको पाठवूस."

"मला कसला त्रास? टपाल कचेरी कोपऱ्यावर आहे."

"आई, नको. खरंच नको. ऐक माझं."

फोन ठेवल्यावर प्रभा म्हणाली, "पोरीला वाटतं, आईला दगदग होते."

प्रभाच्या घरात पहिलं 'नको' शिष्टाचाराचं असे आणि दुसरं संकोचाचं. तिसऱ्याला ती पानात वाढून मोकळी होई. तिच्या टेबलावर जेवलेले जर्मन शेजारी सुरुवातीला घाबरत, मग सकाळी कमी खाऊन येऊ लागले. दुसऱ्या दिवशी तिने लाडूंच्या डब्यासोबत थोडी चकलीही बांधली आणि पार्सल टाकून आली.

शाखेच्या बैठकीत विलास उठले आणि त्यांनी स्वतःच्याच ठरावात दुरुस्ती मांडली. तारखेची मागणी कायम. पैशाचं कलम मात्र बदललं: शेवटचा माणूस परत येईपर्यंत त्याच्या संरक्षणाचा, उपचारांचा आणि वाहतुकीचा खर्च मंजूर करावा.

एक तरुण सदस्य हसला. "श्रीयुत गद्रे, युद्ध नको आणि पैसे घ्या? तुम्ही नक्की कोणत्या पक्षात आहात?"

"माझी मुलगी तिथे आहे," विलास म्हणाले. "ती चालत घरी येणार नाही."

शाखेतल्या बऱ्याच जणांना हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला, पण काठावर. बैठकीनंतर दोन जुने सहकारी त्यांच्याशी न बोलता निघून गेले.

महिनाअखेरीस बुंडेसटागने सरकारचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने स्वीकारला. सैनिकांची कमाल संख्या कमी झाली. विलास यांना हवी होती तशी तारीख त्यात नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. छावणीत कुणी दगावलं, तर त्याच्या घरी कळवेपर्यंत सगळ्यांचेच फोन बंद ठेवतात, हे सैनिकांच्या घरच्यांना ठाऊक असतं. प्रभालाही ठाऊक होतं. तिने दोनदा ओटा पुसला. विलास यांनी बातम्या लावल्या, तिकडचं काही नव्हतं. सोमवारीही फोन आला नाही.

मंगळवारी पोस्टमनने पार्सल परत आणलं.

खोकं उघडलेलं नव्हतं. ऊर्मिलाच्या नावावर एक छापील चिकटपट्टी होती. प्रभाने ते टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसली. विलास यांना चष्मा सापडेना; तो त्यांच्या हातातच होता. त्यांनी दीनानाथांना फोन करून नुसतं 'ये' म्हटलं. दीनानाथ घरातल्या सपाता घालूनच आले.

त्यांनी चिकटपट्टी वाचली. मग पुन्हा, मोठ्याने. "या टपाल पत्त्यावरची सेवा बंद करण्यात आली आहे."

"म्हणजे?" प्रभाने विचारलं.

"वहिनी, वाईट काही असतं तर पार्सल आलं नसतं. दारात अधिकारी आले असते. पत्ता बंद झालाय. म्हणजे छावणी बंद झाली."

"तुमच्या सरकारने सांगितलं का तसं?" विलास म्हणाले. आवाजात धार आणायचा प्रयत्न होता.

"माणसं रस्त्यात असताना सांगतात होय? मीसुद्धा नसतं सांगितलं."

प्रभा खोक्याकडे बघत होती. "ती मला नको म्हणाली होती," ती म्हणाली. "तीनदा. ऐक माझं, असंसुद्धा म्हणाली."

दीनानाथांचा अंदाज बरोबर वाटत होता, पण तो अंदाजच होता. ते घरी गेले नाहीत. प्रभाने भात टाकला, दोघांना वाढलं आणि कुणालाच आग्रह केला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. प्रभाने उचलला.

"आई, मी तेर्मेझला आहे. उझबेकिस्तान. आम्ही सगळे बाहेर आलो. उद्या विमान."

"सगळे?"

"सगळे. छावणी बंदच करायची होती, म्हणून माझ्या जागी कुणी आलं नाही. फोनवर सांगायची परवानगी नव्हती. लाडू पाठवू नकोस म्हटलं, वाटलं तुला कळेल."

प्रभाने फोन विलास यांच्याकडे दिला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. विलास फक्त हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवून ते भिंतीला टेकले.

"म्हणजे तारीख ठरलेली होती," ते म्हणाले.

"होती. तुला सांगितलेली नव्हती, एवढंच," दीनानाथ म्हणाले.

"आणि तुला?"

"मलाही नाही." दीनानाथ डोळे पुसत हसले. "तरी तारीख कायद्यात लिहायला माझा विरोधच आहे."

"घरी जा तू."

"जातो. आधी चहा दे."

त्या आठवड्याच्या शेवटी ऊर्मिला त्याच टेबलाशी बसली होती, केस ओले, अंगात वडिलांचा स्वेटर. परत आलेलं खोकं तिनेच फोडलं. चकलीचा चुरा झाला होता, लाडू शाबूत होते. तिने एकामागून एक तीन खाल्ले. प्रभाने डबा पुढे केला.

"आणखी एक घे."

"नको."

प्रभाने लगेच झाकण लावलं.

"अगं आई!" ऊर्मिला म्हणाली. "हे साधं 'नको' होतं. दे इकडे."