विचारून घेतलेली वाट

विनिफ्रेड हेस्केथ कुणाला न विचारता शेजारच्या अंगणात पाऊल टाकेल, यावर इंग्लंडातल्या त्या बर्न्ली गावात कुणाचा विश्वास बसला नसता. पण वकीलबाईंनी पाठवलेल्या कागदात नेमकं तेच लिहिलं होतं. ‘सव्वीस वर्षं आम्ही शेजारच्या अंगणातली वाट कुणाचीही परवानगी न मागता, उघडपणे वापरत आलो.’ खाली सहीसाठी रेघ होती.

वाट म्हणजे काय, तर पंधरा पावलांची फरशी. भिंतीला भिंत लागलेली घरं. हेस्केथांच्या मागच्या दारातून निघायचं, शेजारचं अंगण ओलांडायचं, फाटक उघडायचं, की मागची गल्ली आणि तिथले कचऱ्याचे डबे. पुढच्या दाराला सात उंच दगडी पायऱ्या आणि लगेच अरुंद फुटपाथ. तिथे उतरण बांधायला नगरपालिकेने केव्हाच नाही म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, आर्नल्डला, अर्धांगवायूचा झटका आला, तो चाकांच्या खुर्चीत बसला, आणि जगात जायला त्याच्याजवळ ती पंधरा पावलंच उरली. दर गुरुवारी विनी त्याला ढकलत बोल्स नावाच्या खेळाच्या हिरवळीवर नेई. तिथे म्हातारे आपापले जड चेंडू घरंगळवत आणि आर्नल्ड बाजूला बसून एकेकाच्या नेमाची खरडपट्टी काढी. त्याचा आठवडा त्या गुरुवारसाठीच असे.

शेजारचा विल्फ एन्टविसल गेल्या वर्षी वारला. त्याचं घर डेल पिकर्सगिल नावाच्या तरण्या बस-मेकॅनिकने घेतलं आणि एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं. त्याला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत आर्नल्डने बोल्सचं नावही काढलं नव्हतं, आणि विनीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती.

म्हणून ती वकीलबाईंकडे, मिस थ्वेट यांच्याकडे गेली होती. बाई हुशार, आणि मनानेही चांगल्या. वीस वर्षं वाट वापरली तर तिच्यावर कायमचा हक्क बसतो, तो घराबरोबर पुढेही चालतो, असं त्यांनी समजावलं. मात्र ती वापरताना बळजबरी नको, लपूनछपून नको आणि परवानगी घेऊनही नको. मालकाने ‘जा की’ म्हटलं असेल, तर ती त्याची मेहेरबानी झाली, तुमचा हक्क नव्हे. विनीने तेव्हा मान डोलावली होती. कागद हातात आल्यावर तिला त्याचा अर्थ कळला.

कारण तिने विचारलं होतं. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं घातलेला केक घेऊन ती विल्फच्या दारात गेली होती. तुमच्या अंगणातून गेलं तर चालेल का, म्हणून. विल्फने केकचा तुकडा तोंडात असतानाच सांगितलं होतं, की फाटक काय त्याच्या बापाने सोन्याचं केलंय, खुशाल जा, आणि परत विचारायला आलीस तर केक आणल्याशिवाय येऊ नकोस. आता तोच चांगुलपणा आडवा आला होता. विल्फ खडूस निघाला असता, सव्वीस वर्षं नुसता डोळे वटारून बघत राहिला असता, तर आज विनी जिंकली असती. कायद्याचं हे गणित कुणाला सुचलं असेल, देव जाणे.

“सही करून टाक,” आर्नल्ड म्हणाला. “विल्फ काही साक्ष द्यायला उठून येत नाही.”

“म्हणूनच,” विनी म्हणाली. “तो येऊ शकत नाही, तर मी त्याच्याबद्दल खोटं लिहू?”

तिने मिस थ्वेटना फोन करून सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, आता या कागदावर तुमची सही मी घेऊ शकत नाही. आणि एक करा, कृपा करून शेजाऱ्याकडे विचारायला जाऊ नका. विचारलंत म्हणजे वाट तुमची नाही, हे कबूल केलंत.

“पण ती माझी नाहीच ना,” विनी म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने डेलचं दार ठोठावलं. तिला पाहताच त्याचा चेहरा उतरला. बिचारा भांडणाची तयारी करू लागला असणार.

“तुझ्या वाटेवर माझा हक्क नाही, बाबा,” ती म्हणाली. “तुझ्या आधीच्या मालकाला मी विचारलं होतं. आता तुला विचारते. आर्नल्डला गुरुवारी तेवढं नेऊ देशील?”

“तुम्ही विचारताय?” डेलने खात्री करून घेतली. मग तो दाराच्या चौकटीलाच टेकला. घर घेताना त्याच्या वकिलाने बजावलं होतं, की ही माणसं हक्काने येत-जात राहिली तर वाट कायमची जाईल. कुलूप लाव, आणि ती विचारायला आली तर परवानगी दे, पण लिहून दे. “मी स्वतःच येऊन बोलायला हवं होतं, मिसेस हेस्केथ. एकदा कुलूप घातल्यावर तुमच्याकडे बघायचीही लाज वाटायला लागली.”

“वाटायलाच हवी,” विनी म्हणाली, आणि मग तिला त्याची दया आली.

बुधवारी त्याने किल्ली आणि वकिलाचा कागद आणून दिला. विनीने तो स्वयंपाकघरातच उघडला. परवानगी होती, स्वच्छ शब्दांत होती. ‘श्री. आर्नल्ड हेस्केथ यांच्या हयातीपर्यंत.’ हक्क मिळाला असता तर तो दोघांच्याही मागे राहिला असता. हा कागद आर्नल्डबरोबर संपणार होता, आणि त्यावर तिने सही करायची होती.

“किती दिवसांची दिलीय?” आर्नल्डने विचारलं.

ती ओळ गाळून वाचावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण विल्फबद्दल जी खोटं बोलली नाही, ती नवऱ्याशी काय बोलणार? तिने ती जशीच्या तशी वाचून दाखवली, सही केली, आणि मग तिला रडू आवरेना.

आर्नल्डने बऱ्या हाताने तो कागद स्वतःकडे ओढून दोनदा वाचला.

“माझ्या हयातीपर्यंत,” तो म्हणाला. “म्हणजे आता मला टिकून राहायला हवं, विनी. तुलाही कचरा टाकायला त्याच वाटेने जायचं असतं.”