रजेचे सतरा अर्ज

मिस्त्रींना परदेशात येऊन चार वर्षं झाली, तरी 'मी नोकरीत नाही' हे वाक्य काही त्यांच्या जिभेवर बसलं नव्हतं. एका शीतगृहाच्या कंपनीत गारव्याची यंत्रं दुरुस्त करायचं काम ते कंत्राटावर करत. हत्यारं त्यांची, बिल त्यांचं, कर त्यांनीच भरायचा, आणि राहण्याचा परवानाही 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून मिळालेला. पण माणूस पडला हेडक्लार्कचा मुलगा. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पस्तीस वर्षांत एकही रजा अर्जाशिवाय घेतली नव्हती. "घराला आग लागली तरी आधी अर्ज द्यावा, मग विझवायला जावं," हे बाळकडू मिस्त्रींना फार लवकर मिळालं होतं.

त्यामुळे ज्या दिवशी कामाला जायचं नसे त्या दिवसासाठी मिस्त्री तिथल्या भाषेत सविस्तर अर्ज लिहीत, खाली 'आपला आज्ञाधारक' म्हणून सही ठोकत, आणि लिफाफा घट्ट चिकटवून कंपनीच्या पत्रपेटीत टाकत. कोणी काही म्हणत नसे. म्हणजे रजा मंजूर, अशी त्यांची भाबडी समजूत.

आणि मग कर खात्याची नोटीस आली. मिस्त्री खरेच कंत्राटदार आहेत, की कंपनीने कर वाचवायला नोकरालाच कंत्राटदार करून ठेवलंय, याची चौकशी होणार होती. मॅनेजरने आडपडदा ठेवला नाही. "नोकर ठरलात तर तुम्हाला ठेवणं आम्हाला झेपणार नाही," तो म्हणाला. काम गेलं की परवाना जाणार, आणि परवाना गेला की बायको, मुलगी, मुलीची शाळा, सगळंच बिऱ्हाड उचलावं लागणार. मिस्त्रींची अन्नावरची वासनाच उडाली.

त्यांनी एक सल्लागार गाठला. हा गृहस्थ तासावर पैसे घेई आणि शब्द मात्र सावकाश उच्चारी. आठवडाभर त्याने मिस्त्रींना पोपटासारखं पढवलं.

"कामावर कधी यायचं, हे कोण ठरवतं?"

"मीच."

"आणि यायचं नसेल तर परवानगी कोणाची?"

"कोणाचीच नाही. मी माझ्या मर्जीचा मालक."

हे वाक्य मिस्त्री घरी आरशासमोरही घोकत. बायको म्हणाली, "अहो, मालक आहात ना? मग हात कशाला जोडताय?"

चौकशीच्या सकाळी ते बूट घालत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, ते तुमचे रजेचे अर्ज कुठे असतील हो आता?"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

अर्ज कुठे होते ते तासाभरात कळलं. कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, कर खात्याच्या अधिकारी बाईंसमोर, सतराच्या सतरा ओळीने मांडलेले होते. बाई वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखी शिस्त. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सल्लागार, आणि मध्ये मिस्त्री.

"मर्जीचा मालक रजेचा अर्ज करतो?" बाईंनी विचारलं. "आणि आज्ञाधारक म्हणून सही करतो?"

सल्लागार छताकडे बघू लागला. तेवढ्या बघण्याचेही पैसे लागत होतेच.

बाई मॅनेजरकडे वळल्या. "हे मंजूर कोणी केले?"

"मी हे आज पहिल्यांदा बघतोय," मॅनेजर म्हणाला. "बिलांच्या फायलीत कोणीतरी लावून ठेवलेले दिसतायत."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "लिफाफे बंदच होते. काल मीच कात्रीने उघडले." मग मिस्त्रींना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सतराही वेळा परवानगीशिवाय गैरहजर राहिलात?"

आता इथे 'हो' म्हटलं की माणूस सुटला! पण हेडक्लार्कच्या मुलाला हे म्हणजे भर चौकात चोर म्हटल्यासारखं लागलं. मिस्त्री ताडकन उठले. "बाई, काय बोलताय! परवानगीशिवाय राहीन मी? आमच्या सात पिढ्यांत..." सल्लागाराने टेबलाखालून त्यांच्या पायावर असा बूट ठेवला, की सात पिढ्या तिथेच थांबल्या.

"मंजुरी आली होती का? हो की नाही?"

मिस्त्रींनी टेबलावरच्या कापलेल्या लिफाफ्यांकडे पाहिलं. चार वर्षं आपण कोणाशीच बोलत नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

"नाही," ते खाली बसत म्हणाले.

"मग गेलात कसे?"

"मुलीचा हात मोडला होता. मंजुरीची वाट बघत बसू? गेलो. कोणाला न विचारता गेलो."

"बाकीच्या सोळा वेळा?"

"तेव्हाही. आणि त्या दिवसांचं बिलही लावलं नाही. काम नाही तर बिल कसलं?"

बाईंनी बिलं तपासली, सतराही तारखा ताडून पाहिल्या, आणि कागदावर दोन ओळी लिहून शिक्का मारला. "परवानगीवाचून गैरहजर राहण्याची सवय. स्वतंत्र कंत्राटदार," त्यांनी वाचून दाखवलं. मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला. सल्लागार घड्याळ बघून आनंदाने उठला. मिस्त्री जिंकले होते, पण मान काही वर होत नव्हती.

बाईंनी अर्ज गोळा केले. त्यातला एक हातात राहिला.

"मुलीचा हात नीट बसला का?" त्यांनी विचारलं. "आणि हे पुढचं, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन? दिसतं का त्यांना आता?"

मिस्त्री खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बसला हो बाई, पण थंडीत अजून जरा दुखतो..."

सल्लागार त्यांची बाही ओढत होता, मॅनेजर दाराशी ताटकळला होता. बाईंनी पेनाला टोपण लावलं, दुसरा अर्ज वर घेतला आणि म्हणाल्या, "सांगा."